मॉडेल रेल्वेवर रस्त्याचं फाटक कसं बांधावं

लेआउटवर, म्हणजे रूळ मांडलेल्या टेबलावर, नवं फाटक बसवलं आणि डबा नेमका तिथेच रुळावरून उतरतोय, तर आधी रूळ आणि रस्ता यांच्यामधली खाच तपासा. बांधायला घेतानाही तिथूनच सुरुवात करा. गेटमनची खोली, झाडं, ऑटो हे सगळं नंतर.

खऱ्या फाटकात ही खाच किमान 51 मिमी असते. एचओ स्केलला, म्हणजे 1:87 ला, ती जेमतेम 0.6 मिमी भरते. पण मॉडेलच्या चाकाची फ्लँज, म्हणजे रुळाच्या आत राहणारी कड, प्रमाणापेक्षा जाड असते, एवढ्याशा फटीत ती अडकणारच. म्हणून इथे स्केलचा हट्ट सोडा आणि दोन्हीकडे 1.5 मिमी जागा ठेवा. रुळांमधलं अंतर 16.5 मिमी, म्हणजे मधली रस्त्याची पट्टी 13.5 मिमी रुंद, फाटक वळणावर असेल तर 13. नागपूरच्या मोतीबाग नॅरोगेज संग्रहालयातल्यासारखी 762 मिमीची गाडी करायची असेल, तर 1:87 ला 9 मिमीचा तयार रूळ जवळपास अचूक बसतो. तिथे पट्टी 6 मिमीच्या आसपास ठेवा.

पट्टी पुठ्ठ्याची नको. नागपूरच्या उन्हाळ्यात दिवसभर कूलर चालतो. त्या ओलीने पुठ्ठा फुगतो आणि खाच बुजते. 1.5 मिमीची प्लास्टिक शीट कापा, पण लगेच चिकटवू नका. स्लीपरवर ठेवून दोन्ही रुळांवर स्टीलची फूटपट्टी आडवी टेकवा आणि डोळा खाली नेऊन बघा. फूटपट्टी आणि शीट यांच्यामधून उजेडाची बारीक रेघ दिसायला हवी. नाही दिसली तर शीट घासा. ती वर राहिली की इंजिनाचं पोट टेकतं, चाकं उचलली जातात आणि वीज तुटून गाडी तिथेच थांबते. शिवाय रूळ पुसताना दर वेळी रस्त्याचा रंग खरवडला जातो.

शीटच्या टोकांचे कोपरे कानशीने तिरपे करा. खऱ्या फाटकात खाच राखायला रुळाच्या आत बसवलेल्या जादा रुळाची, म्हणजे चेक रेलची, टोकंही चाक थडकू नये म्हणून वळवलेली असतात. मग सगळ्यात लांब डबा हाताने, सावकाश, दोन्ही दिशांनी ढकला. कुठे अडला नाही तरच चिकटवा, तेही गोंदाच्या दोन-तीन थेंबांनी. उद्या रूळ दुरुस्त करायची वेळ आली तर शीट निघाली पाहिजे.

बाहेरचा रस्ता सोपा आहे. सात मीटरचा दुपदरी रस्ता 80 मिमी होतो. सनबोर्डचा (हलक्या फोम शीटचा) उतार, वर वॉल पुट्टी, वाळल्यावर पॉलिश पेपर. काळाकुट्ट रंग देऊ नका. उन्हात डांबरही राखाडी पडतं, आणि नागपुरात तर सिमेंटचे रस्ते कितीतरी. रुळांमधल्या शीटवर सुईने रेघा ओढल्या की ब्लॉक बसवल्यासारखे दिसतात.

सजावटीत ‘सी/फा’ (सीटी/फाटक) लिहिलेला पिवळा शिटीचा बोर्ड हवाच. प्रत्यक्षात तो फाटकाच्या 600 मीटर आधी असतो. 1:87 ला ते सुमारे 7 मीटर होतात, म्हणजे बोर्ड शेजारच्या खोलीत जाईल! टेबलावर मावेल तिथे खुशाल लावा.