ज्याने कट मारला, तोच पुढे आडवा पडलेला दिसला तर

मी वाशी मार्केटमधून भाजी उचलून भांडुपला आणतो. टेम्पो स्वतःचा, वेळ पहाटेची, रस्ता मानखुर्द, छेडानगर आणि पुढे ईस्टर्न एक्स्प्रेस. या वेळेला हायवे मोकळा असतो, म्हणून ज्यांना माज करायचा असतो तेही याच वेळेला निघतात. डावीकडून घुसणारे, लाइट बंद करून झिगझॅग मारणारे, पुढचं चाक उचलून जाणारे. त्यातला एखादा पुढच्या पुलापाशी पडलेला दिसतो. तेव्हा काय करायचं, ते सांगतो. औषधपाण्याचं जे काही सांगेन ते माझ्या बहिणीचं. ती पालिकेच्या रुग्णालयात कॅज्युअल्टीला सिस्टर आहे, आणि मी चुकीचं काही बोललो की फोनवरूनच झापते.

आधी रागाचं बघू. ज्याने आत्ताच कट मारून आईबहिणीवरून शिवी दिली, तो दोन मिनिटांनी डिव्हायडरला आपटलेला दिसला की तोंडातून ‘बरं झालं’ निघतंच. निघू द्या. काच वर करून जे बोलायचं ते गाडीतच बोलून घ्या, दार उघडायच्या आधी. खाली उतरल्यावर मात्र एक शब्द नको, कारण तुमच्या एका शब्दावर गर्दी पेटते.

करकचून ब्रेक मारू नका, मागचा तुमच्यात घुसेल. पार्किंग लाइट लावा, हळू करत डाव्या कडेला घ्या, हँडब्रेक ओढा. बरोबर कोणी असेल तर त्याला डाव्या दाराने उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं करा. समोरच्या बाजूने जात असाल तर डिव्हायडर ओलांडून धावू नका. पुढे जाऊन सुरक्षित जागी थांबा आणि ११२ लावा. रात्री एकटी बाई असेल, थांबायची भीती वाटत असेल, तर तिनेही एवढंच केलं तरी ती मदतच.

मागच्या गाड्यांना दिसणं हे सगळ्यात मोठं काम, आणि तेच लोक विसरतात. ५ ऑक्टोबर २०२२, दसऱ्याची पहाट. वांद्रे-वरळी सी-लिंकवर आधीच एक अपघात झाला होता. मदतीला गाड्या थांबल्या होत्या, अॅम्ब्युलन्सही आली होती. मागून भरधाव आलेली कार त्या सगळ्यात घुसली आणि पाच जण गेले. मदत करायला आलेलेही त्यात होते. म्हणून जखमीकडे पळण्याआधी एकाला मागे पाठवा, मोबाइलची बॅटरी हलवत, कडेकडेने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून. लाल त्रिकोण असेल तर निदान पन्नास पावलं मागे ठेवा. हायवेवर त्याहून लांब, आणि वळण किंवा पुलाचा चढ असेल तर त्याच्याही अलीकडे. दगड ठेवू नका. दगड ठेवणारा निघून जातो, दगड तिथेच राहतो आणि तासाभराने एखादा दुधवाला त्यावर पडतो.

फोन कोणी करायचा? ‘अरे कोणीतरी फोन लावा’ म्हटलं की कोणीच लावत नाही. बोट दाखवून सांगा, ‘दादा, निळा शर्ट, तुम्ही १०८ लावा आणि लागला की मला सांगा.’ ११२ वर पोलीस, १०८ वर अॅम्ब्युलन्स. जागा सांगताना ‘हायवेवर’ एवढंच सांगून भागत नाही. सायनकडे जाणारी बाजू की ठाण्याकडे, पुलावर की पुलाखाली, जवळचा सिग्नल किंवा बसस्टॉप कुठला, ते सांगा. वेस्टर्न एक्स्प्रेसवर मेट्रोच्या खांबांवर नंबर असतात, त्यातला जवळचा वाचून दाखवा. किती जण जखमी आहेत आणि कोणी आत अडकलंय का, हेही.

गाडीजवळ जाताना नाक उघडं ठेवा. पेट्रोलचा किंवा गॅसचा वास आला तर बिडी-सिगारेटवाल्यांना लांब हाकला. चावी हाताला लागत असेल तर इंजिन बंद करा. आणि जो ओरडतोय त्याच्याआधी जो गप्प आहे त्याच्याकडे बघा. ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, एवढं तरी नक्की. बाइकवर मागे कोणी बसलं होतं का, ते विचारा. मागचा उडून गटाराच्या बाजूला नाहीतर डिव्हायडरच्या झाडांत पडलेला असतो. ज्याला धडक बसली तो सायकलवाला, झाडूवाला कुठे आहे, तेही बघा. सगळी गर्दी फुटलेल्या गाडीभोवती जमते.

विक्रोळीच्या अलीकडे एका पोराने माझ्या आरशाला हात मारून डावीकडून बाइक काढली आणि पुढे घसरला. मी पोचेपर्यंत दोन रिक्षावाले आलेले. एकाने त्याची कॉलर धरली होती. ‘पोरं माजलीत, उठव साल्याला!’ मी म्हटलं, ‘भाऊ, थोबाडीत मारायला पोलीस आहेत. तू आधी बॅटरी धर.’ धरली त्याने. दुसऱ्याला मागे गाड्या बघायला पाठवलं. मारायला आलेल्याच्या हातात काम दिलं की तो मारत नाही. यापेक्षा चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही. बाकीच्यांना सांगा, जखमीकडे पाठ करून गोल करा. हवाही लागते आणि व्हिडिओवालेही बाहेर राहतात.

त्या पोराच्या डोक्यात बंद हेल्मेट होतं आणि काचेवर आतून वाफ धरत होती, विरत होती. म्हणजे श्वास चालू. अशा वेळी काच वर करा, पण हेल्मेट ओढून काढू नका. मान दुखावलेली असेल तर त्या एका हिसक्याने माणूस कायमचा आडवा होतो. श्वासच घेता येत नसेल, उलटीने गुदमरत असेल, तेव्हाच काढायचं, तेही दोघांनी. एकाने मान आणि जबडा खालून घट्ट धरायचा, दुसऱ्याने पट्टा सोडून हळूहळू सरकवायचं. एरवी डोक्याशी गुडघे टेकून बसा, दोन्ही हातांनी डोकं आहे तसंच धरून ठेवा आणि बोलत राहा. ‘हलू नकोस, अॅम्ब्युलन्स येतेय, नाव काय तुझं?’

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घडी करून जोरात दाबा. दर मिनिटाला उचलून बघू नका. भिजलं तर वरून दुसरं ठेवा. काच, सळई घुसलेली असेल ती उपसायची नाही, आजूबाजूने दाबायचं. हाताला ग्लोव्हज नसतील तर प्लास्टिकची पिशवी चालते. पाणी पाजू नका. सगळ्यात आधी कोणीतरी बाटलीच घेऊन धावतं, पण शुद्ध नसलेल्याला पाणी श्वासनळीत जातं आणि ऑपरेशनची वेळ आली तर भूल देताना अडचण होते. श्वासच बंद असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं, छाती निदान ५ सेंटीमीटर आत जायला हवी. हे एकदा कुठेतरी शिकून घ्या, वाचून हाताला येत नाही.

आता ‘प्यायलाय’ या निकालाबद्दल. वास आला, जीभ अडखळली, अंगावर धावून आला, की लोक म्हणतात, ‘टाइट आहे, पडू दे.’ बहीण यावर सगळ्यात जास्त चिडते. डोक्याला मार लागलेला माणूसही असाच बरळतो. मधुमेहवाल्याची साखर उतरली तरी असाच दिसतो. आणि खरोखर प्यायलेल्याच्या डोक्यातही रक्तस्राव होतो. उलटी, बरळणं, झोप येणं हे दिसलं तर अॅम्ब्युलन्सवाल्याला मुद्दाम सांगा. दारू किती होती ते रक्ततपासणीत निघेल. कायद्याने मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, ती मोजणं आपलं काम नाही.

आग लागत असेल किंवा जागाच धोक्याची असेल तरच जखमीला हलवा. रिक्षात दुमडून कोंबू नका. अॅम्ब्युलन्स येतच नसेल तर टेम्पोचा हौदा सपाट असतो, तो बरा. फळी किंवा चादर घालून तिघा-चौघांनी एकदम उचला. रुग्णालयं म्हणजे घाटकोपरला राजावाडी, डोक्याचा मोठा मार असेल तर सायन, वेस्टर्नच्या बाजूला जोगेश्वरीचं ट्रॉमा. रुग्णालयात ‘आधी पोलीस येऊ द्या’ कोणी म्हणालं तर शांतपणे सांगा की उपचार आधी, कागद नंतर, हाच कायदा आहे. अपघातातल्या जखमीवर केंद्र सरकारच्या योजनेतल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार होतात. ही योजना २०२५ ची.

तुम्ही अडकणार का? नाही. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, २०१९ मध्ये ते मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ म्हणून आलं. नाव-पत्ता द्यायची जबरदस्ती पोलीसही करू शकत नाहीत, रुग्णालयही नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात पोचवलं तर राहवीर योजनेत २५ हजार रुपये मिळायची तरतूद आहे. कोणी त्यासाठी थांबत नाही म्हणा. पण घरचे ‘कशाला लफड्यात पडतोस’ म्हणाले की सांगायला बरं.

जखमीचं पाकीट, मोबाइल, चेन दोघांसमोर गोळा करा आणि पोलिसांकडे द्या. त्याचा फोन वाजला आणि ‘आई’ दिसलं तर उचला. अपघात झालाय, अमुक रुग्णालयात नेतोय, एवढंच सांगा. जगेल का, गेला का, हे डॉक्टरांना बोलू द्या.

तुमच्या गाडीत डॅशकॅम असेल तर घरी जाण्याआधी कार्ड काढून खिशात टाका, नाहीतर दुपारपर्यंत त्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं. साक्षीदार व्हायचं ठरवलंत तर जे पाहिलं तेच सांगा. ‘डावीकडून काढली, माझ्या आरशाला हात मारला’ हे पाहिलेलं, ‘शंभरच्या वर असेल’ हा अंदाज. दोन्ही वेगळं सांगा. जबाब तुमच्या सोयीच्या जागी आणि वेळी घ्यायचा, चौकीवर यायचं नसेल तर अधिकाऱ्याने साध्या कपड्यांत तुमच्याकडे यायचं, असा नियम आहे. मी दुपारी चारनंतरची वेळ मागतो, कारण माल उतरवून मी तोवर झोपलेला असतो.