फॅट दाखवणारा वजनकाटा: रनिंग-जिमवाल्यांनी आकडा कसा बघायचा

घरच्या काट्यावर फॅट जास्त दिसलं म्हणून लगेच जेवण कमी करू नका, प्लीज. हा काटा चरबी थेट मोजतच नाही, तळपायातून बारीकसा करंट सोडून त्याला किती अडथळा होतो ते बघतो आणि वय, उंची, वजन धरून अंदाज काढतो, त्यात करंट मुख्यतः पायांतूनच फिरतो त्यामुळे पोटाचं त्याला फारसं कळत नाही. लाँग रनवरून घामाघूम आलात की आकडा हलणारच. अ‍ॅथलीट मोड (नियमित भरपूर व्यायाम करणाऱ्यांसाठीची काट्यातली सेटिंग) असेल तर तो लावा, पण मग सारखा बदलू नका. सकाळी टॉयलेटला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी, कोरड्या अनवाणी पायांनी मोजा, आठवड्याची सरासरी बघा आणि सोबत टेपने कंबर मोजत चला. पेसमेकर असलेल्यांनी मात्र यावर उभंच राहू नये.