कांदेबागेआधी शेततळ्यातील अनोळखी वनस्पती ओळखावी

पोळा झाला, तळी काठोकाठ भरली आणि भाद्रपदाचे ऊन पाण्यावर तापू लागले की रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यातील शेततळ्यांत काही ना काही हिरवे दिसू लागते. ते काय आहे असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: "शेवायच शे, दुसरं काय?" (शेवाळच आहे, दुसरे काय?) या एका उत्तरापायी मासे मेलेले, ठिबकच्या नळ्या ऐन लागणीत तुंबलेल्या आणि शेजारची कपाशी वाकडी झालेली मी पाहिली आहे, पण त्या हिरव्याचा एक झुबका बाहेर काढून नीट पाहणारे शेतकरी फार थोडे भेटले. कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्याअखेरच्या केळीची, लागण तोंडावर आहे, म्हणून बाकीची कामे मागे ठेवून हे काम याच आठवड्यात करावे.

दंताळ्याने झुबका मुळांसकट ओढावा आणि पांढऱ्या टबात स्वच्छ पाणी घेऊन त्यात सोडावा. हातात चिकटून गोळा झालेली पाने पाण्यात मोकळी होतात आणि मगच एका पेरावर किती पाने आहेत ते मोजता येते. पानाची कड बोटाने चाचपावी, चुरगळून वास घ्यावा, मुळे आहेत की नाहीत ते पाहावे.

तरंगणाऱ्या वनस्पती ओळखायला सोप्या असतात. फुगीर देठाची, जांभळ्या फुलांची ती जलपर्णी. कोबीच्या उघड्या गड्ड्यासारखी ती पिस्टिया. टिकलीएवढी, खाली एकच बारीक मूळ लोंबणारी ती लेम्ना. फसगत होते ती अझोला आणि साल्व्हिनिया यांच्यात. अझोला नखाएवढी, तिकोनी, खवल्याखवल्यांची असते आणि कडक उन्हात किंवा थंडीत लालसर होते. साल्व्हिनियाचे पान त्याहून मोठे, वरून केसाळ असते आणि त्यावर टाकलेला थेंब घरंगळून जातो. गुरांच्या खाद्यासाठी अझोला म्हणून आणलेले बियाणे साल्व्हिनिया निघाल्याचे आणि महिनाभरात सारे तळे झाकले गेल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात आहे. त्या शेतकऱ्याने पान उलटून पाहिले असते तर एका टोपलीत काम आटोपले असते.

खरी कसोटी पाण्याखालच्या वनस्पतींची आहे. हायड्रिलाच्या प्रत्येक पेराभोवती तीन ते आठ, बहुधा चार-पाच पानांचे कडे असते आणि कड करवतीसारखी खरखरीत लागते. सेरॅटोफायलमची पाने दुभंगलेली, शिंगांसारखी असतात आणि तिला मुळेच नसतात. कारा ही दिसायला वनस्पती, पण मुळात शैवाल. ती चुरगळली की लसणासारखा उग्र वास येतो आणि अंगावरचा चुना बोटांना रेतीसारखा लागतो. हा फरक कळला की उपाय बदलतो. हायड्रिला तोडून तोडून काढली तर पेर असलेला प्रत्येक तुकडा नवे झाड होतो आणि गाळातील तिचे कंद काही वर्षे जिवंत राहतात, म्हणून ती मुळासकट आणि तुकडे गाळून काढावी लागते. गवत्या मासा (ग्रास कार्प) तिला आवडीने खातो, जलपर्णीला मात्र सहसा तोंड लावत नाही. नऊ-दहा गुंठ्यांच्या तळ्यात बोटभर नव्हे, तर वीतभर वाढलेले पंधरा-वीस गवत्या मासे पुरतात, हा माझा अदमास आहे, शिफारस नव्हे.

पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय असेल तर काठी बुडवून पाहावी. काठीला केसांसारखे धागे लोंबले तर ते साधे शेवाळ. रंगाचा लेप बसला तर नील-हरित शेवाळ समजावे आणि त्या पाण्यावर गुरे नेऊ नयेत. त्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकल्यास पेशी फुटून विष पाण्यातच मोकळे होते.

साध्या शेवाळासाठी मोरचुदाची मात्रा दर घनमीटर पाण्यास अर्धा ते एक ग्रॅम आहे. ३० × ३० × ३ मीटरचे, एकास एक उताराचे तळे पूर्ण भरलेले असेल तर त्यात २१९६ घनमीटर पाणी बसते, म्हणजे जास्तीत जास्त सव्वादोन किलो. तळे अर्ध्या उंचीपर्यंतच भरलेले असताना एवढेच टाकले तर मात्रा दुपटीहून अधिक होते. शिवाय आताचे पाणी पावसाचे, म्हणजे विहिरीच्या पाण्यापेक्षा मऊ आहे आणि मऊ पाण्यात तांबे माशांना अधिक बाधते. माघात निभावलेली मात्रा भाद्रपदात मासे मारू शकते. या मात्रेने हायड्रिला मरत नाही; म्हणून ओळख न करता टाकलेला मोरचूद पैसे आणि मासे दोन्ही घेऊन जातो.

दुकानात 'सर्व प्रकारच्या शेवाळावर' म्हणून महागड्या बाटल्या पुढे केल्या जातात. ज्या बाटलीवर घटकाचे नाव आणि तळ्यातील वापराची मात्रा छापलेली नाही, ती घेऊ नये. 2,4-डी हे तणनाशक तर कपाशीच्या पट्ट्यात तळ्याजवळही आणू नये, कारण त्याचा नुसता वारा लागला तरी कपाशीची पाने भेंडीसारखी चिरतात, आणि तळ्याचे पाणी ठिबकने केळीलाही जाते. हायड्रिलाचे ते काही बिघडवतही नाही.

ओळख पटल्यानंतरची नेहमीची कामे:
- एका वेळी तळ्याचा तिसरा भागच साफ करणे. पुढचा दहा-पंधरा दिवसांनी
- ढगाळ दिवसांत औषध बंद. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असल्यास ताजे पाणी सोडणे
- पंपाच्या सक्शनच्या जाळीची व गाळणीची सफाई
- युरिया टाकलेल्या वाफ्यांचे पाणी तळ्यात येऊ न देणे
- मत्स्यबीजाच्या पिशवीतील पाणी तळ्यात न ओतणे

शेवटची ओळ हलकी समजू नये. माझ्या मते तळ्यात नवी वनस्पती येण्याची ही मोठी वाट आहे. दुसरी वाट घरच्या काचेच्या पेटीची. मत्स्यालयाची झाडे कंटाळा आला की नाल्यात किंवा तळ्यात टाकली जातात, ती उन्हात वाळवूनच टाकावीत. नवी झाडे आणल्यावर पंधरा दिवस वेगळ्या बादलीत ठेवावीत. कॅबोम्बा आणि लिम्नोफिला एकाच नावाने विकल्या जातात. पेरावर समोरासमोर दोनच पंखे असतील तर कॅबोम्बा, सभोवार कडे असेल तर लिम्नोफिला.

तरीही ओळख पटली नाही, तर नमुना पाण्याने भरलेल्या पिशवीत नेऊ नये, तो वाटेतच सडतो. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, फूल असल्यास फुलासकट, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखवावा. छायाचित्र पाठवायचे असल्यास शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे आणि पेराचे जवळून वेगळे चित्र घ्यावे. काढलेला ढीग बांधाच्या आतल्या उतारावर टाकू नये, पहिल्या सरीबरोबर तो पुन्हा तळ्यात उतरतो.