ताऱ्यांतल्या लोखंडावरून दीर्घिकेचा इतिहास वाचताय? या चुका टाळा

दर शनिवारी संध्याकाळी वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गावात बी.एस्सी.ची सहा-सात पोरं माझ्याकडे जमतात. गॅलाह आणि अपोजी या सर्वेक्षणांनी लाखो ताऱ्यांचे वर्णपट (प्रकाशाचे वेगळे केलेले रंग, ज्यांतल्या रेषांवरून मूलद्रव्यं ओळखतात) घेऊन कोणत्या ताऱ्यात कोणतं मूलद्रव्य किती आहे, ते मोजलंय. हे तक्ते कुणालाही फुकट मिळतात. एका लॅपटॉपवर ते उघडून आपली आकाशगंगा लहानपणी कशी वाढली, याचा आम्ही माग काढतो. दर वर्षी नवी पोरं येतात आणि त्याच ठिकाणी अडखळतात, म्हणून हे लिहून ठेवतोय.

आधी एक साधी गोष्ट. खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्यांना 'धातू' म्हणतात, ऑक्सिजनलासुद्धा. तक्त्यातला 'एफई बाय एच' (Fe/H), म्हणजे हायड्रोजनच्या तुलनेत लोखंड किती, हा आकडा लॉगमध्ये असतो. सूर्याचा 0. उणे 1 म्हणजे सूर्याच्या दहावा हिस्सा लोखंड, उणे 3 म्हणजे हजारावा. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहा आणि पुढे चला.

लोखंड कमी, म्हणजे तारा म्हातारा?

ही चूक सगळ्यात महाग पडते, कारण ती अर्धी खरी आहे. महास्फोटानंतर हायड्रोजन, हेलियम आणि किंचित लिथियम एवढंच होतं. कार्बनपासून लोखंडापर्यंत जवळजवळ सगळं ताऱ्यांनीच घडवलं. त्यामुळे अगदीच कमी लोखंडाचे तारे बहुधा जुने असतात. पण धातू किती वेगाने साठले, ते त्या-त्या दीर्घिकेवर अवलंबून असतं. लहान मॅजेलनी मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत आजही तारे जन्मतात आणि त्यांच्यातले धातू सूर्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकेच आहेत. उलट आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागात लोखंडाने भरलेले, तरीही फार जुने तारे आहेत.

"सर, मंग वय कायच्यावरून काढाचं?" एका मुलीनं विचारलं होतं.

एकट्या लोखंडावरून नाहीच काढता येत. पण मॅग्नेशियम आणि लोखंड जोडीने पाहिलं, तर दीर्घिका किती घाईने वाढली ते कळतं. सोयाबीनमध्ये तूर पेरली, तर पेरणी एकाच दिवशी होते. पण सोयाबीन दिवाळीच्या आसपास घरात येतं आणि तूर संक्रांतीच्या पुढेमागे. घरात नुसती सोयाबीनची पोती दिसली, तर तूर अजून वावरात उभी आहे हे कुणी सांगावं लागत नाही. मॅग्नेशियम हे इथलं सोयाबीन. सूर्याच्या आठपटीहून जड तारे काही कोटी वर्षांतच फुटतात आणि मॅग्नेशियम उधळतात, सोबत थोडं लोखंडही. उरलेलं पुष्कळसं लोखंड श्वेतबटूंच्या (विझलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या घट्ट गाभ्यांच्या) स्फोटांतून येतं, आणि त्यातल्या बऱ्याच स्फोटांना दहा कोटी ते काही अब्ज वर्षं लागतात. तीच तूर.

म्हणून आडव्या अक्षावर लोखंड आणि उभ्या अक्षावर मॅग्नेशियम-लोखंडाचं गुणोत्तर घेतलं, की रेषा काही अंतर सपाट जाते आणि मग खाली वळते. त्या वळणाला 'गुडघा' म्हणतात. आपल्या आकाशगंगेत तो उणे 1 च्या आसपास आहे. स्कल्प्टर या बटू दीर्घिकेत तो त्याहून बराच आधी येतो, कारण तिथे तारे संथपणे घडले. लोखंड फारसं साठायच्या आतच तूर येऊ लागली. निसेन आणि शूस्टर यांनी 2010 मध्ये आपल्या आकाशगंगेच्या प्रभामंडळातल्या (तबकडीभोवतीच्या विरळ घेरातल्या) ताऱ्यांत अशा दोन वेगळ्या रांगा दाखवल्या. 2018 मध्ये ताऱ्यांच्या जागा आणि गती मोजणाऱ्या गाया यानाच्या मोजणीतून उलगडा झाला, की कमी मॅग्नेशियमवाली रांग मुख्यतः एका परक्या दीर्घिकेची आहे. ती सुमारे 10 अब्ज वर्षांपूर्वी आपल्या आकाशगंगेत विलीन झाली. तिचं नाव गाया-एन्सेलाडस. दोन मूलद्रव्यांच्या गुणोत्तरातून एवढी मोठी टक्कर ओळखू यावी, हे मला आजही थक्क करतं.

उकिरड्याजवळची माती

माती परीक्षणासाठी नमुना घेताना उकिरड्याजवळची, बांधाजवळची, झाडाखालची माती घ्यायची नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. ताऱ्यांच्या बाबतीत मात्र हा विसर पडतो. तांबड्या राक्षसी ताऱ्याच्या (म्हातारपणी फुगलेल्या ताऱ्याच्या) पोटातला माल ढवळून पृष्ठभागावर आलेला असतो. त्याचा कार्बन घटलेला आणि नायट्रोजन वाढलेला दिसतो. हे आकडे जन्माच्या वेळचे नाहीत. तिथे मॅग्नेशियम, कॅल्शियम यांच्यावर भिस्त ठेवा.

तसंच एखाद्या ताऱ्यात कार्बन आणि बेरियम दोन्ही भलतेच जास्त दिसले, तर घाईने 'पहिल्या पिढीची खूण' म्हणू नका. पुष्कळदा शेजारचं खत बांध ओलांडून आलेलं असतं: जोडीदार तारा म्हातारपणी फुगला आणि त्याने आपला माल याच्यावर ओतला. वेगवेगळ्या तारखांना मोजलेला त्रिज्य वेग (तारा आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग) बदलता दिसला, तर हा संशय पक्का होतो. गोलाकार तारकागुच्छांतले तारेही वेगळे काढा. त्यांतल्या अनेकांत सोडियम जास्त आणि ऑक्सिजन कमी असतो, तो गुच्छातल्याच घडामोडींमुळे.

दोन प्रयोगशाळांचे अहवाल एकत्र

दोन सर्वेक्षणांचे आकडे सरळ एका आलेखावर टाकलेत, तर खोट्या रांगा दिसतील. सूर्याचा संदर्भ आकडाच बदलत आलाय: त्याच्यातला ऑक्सिजन 1998 च्या तक्त्यात 8.83 होता, 2009 च्या तक्त्यात 8.69 (हेही लॉगमधलेच आकडे). हा फरक जवळपास 38 टक्क्यांचा. आधी दोन्हीकडे मोजलेले समान तारे शोधा आणि किती फरक पडतो ते पाहा. शिवाय किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात ते सांगणारं मेघनाद साहांचं 1920 चं समीकरण औष्णिक समतोल (सगळं एकाच तापमानाशी जुळलेलं) गृहीत धरतं. धातू कमी असलेल्या ताऱ्यांच्या वातावरणात हा समतोल बिघडतो आणि उदासीन (इलेक्ट्रॉन न गमावलेल्या) लोखंडाच्या रेषांवरून लोखंड असतं त्याहून कमी भरतं. ही दुरुस्ती केलेली आहे का, ते तक्त्याच्या माहितीत वाचा.

दूरच्या दीर्घिका

जेम्स वेब दुर्बिणीने जीएन-झेड11 या दीर्घिकेत नायट्रोजनच्या ठळक रेषा दाखवल्यापासून (2023) पोरांना थेट तिकडेच उडी मारायची असते. महास्फोटानंतर सुमारे 43 कोटी वर्षांनी निघालेला तो प्रकाश. पण अशा दीर्घिकांत आपण बहुतेक वेळा तापलेल्या वायूतला ऑक्सिजन मोजतो, ताऱ्यांतलं लोखंड नव्हे. वायूचं तापमान सांगणारी 4363 अँगस्ट्रॉमची रेषा फिकी असते. ती नसली की ठळक रेषांच्या गुणोत्तरांवरून अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाजाच्या दोन पद्धतींत पाचपटीपर्यंत फरक निघू शकतो. म्हणून ऑक्सिजन की लोखंड, वायू की तारा आणि कोणती पद्धत, हे अक्षाशेजारी लिहिल्याशिवाय मी आता कुणाचाही आलेख पुढे सरकू देत नाही.