एचआयव्ही आणि कमी हिमोग्लोबिन: या चुका टाळा

हिमोग्लोबिन ९ आलं की घरचे म्हणतात, "अंगात रक्त नाही, लोहाच्या गोळ्या घे." नेमकी इथेच पहिली चूक होते. रक्त कमी म्हणजे लोह कमी, असं एचआयव्हीत दरवेळी नसतं. विषाणूमुळे किंवा टीबीसारख्या संसर्गामुळे शरीरात दाह (आतली सूज, इन्फ्लमेशन) चालू असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं. त्यामुळे आतडं लोह नीट शोषत नाही आणि साठवलेलं लोहही रक्तात उतरत नाही. कोठार भरलेलं, पण दाराला कुलूप! अशा वेळी गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, आणि तेवढ्या महिन्यांत टीबी मात्र आत वाढत राहतो. वजन घटतंय, ताप येतोय, खोकला हटत नाही, रात्री घाम फुटतोय, यातलं काहीही असेल तर आधी टीबीची तपासणी करून घ्या.

याच्या उलट चूक फेरिटिनच्या, म्हणजे लोहाच्या साठ्याचा अंदाज देणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टवर होते. आकडा ४८, शेजारी कमी-जास्तची खूण नाही, म्हणजे लोह ठीक, असं आपण धरून चालतो. पण दाहात फेरिटिन आपोआप वाढतं. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांत १५ च्या खाली लोहाची कमतरता मानते, पण संसर्ग किंवा दाह असेल तर ७० च्या खाली. म्हणून सोबत सीआरपी (दाह दाखवणारी तपासणी) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहून नेलं जाणारं लोह किती, ते सांगणारी) पाहायला सांगा.

सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या तपासणीत) एमसीव्हीची, म्हणजे तांबड्या पेशींच्या सरासरी आकाराची, ओळही वाचा. ती १०० च्या वर असेल तर लोहापेक्षा बी-१२, फोलेट किंवा झिडोव्ह्यूडिन या एचआयव्हीवरच्या औषधाकडे लक्ष द्यायला हवं. हे जुनं औषध अस्थिमज्जेतली रक्तनिर्मिती मंदावतं, आणि हिमोग्लोबिन बहुधा पहिल्या काही महिन्यांतच घसरतं. डॉक्टर ते बदलून देऊ शकतात. तुम्ही मात्र एआरटी (एचआयव्हीवरची रोजची औषधं) स्वतःहून बंद करू नका, एक दिवससुद्धा नाही. विषाणू आटोक्यात आला की अनेकांचं हिमोग्लोबिन त्यानेच वर येतं.

लोह खरंच कमी असेल तर वेळ सांभाळा. डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीवरचं औषध आणि लोहाची गोळी उपाशीपोटी एकत्र घेतली तर लोह औषधाला बांधून ठेवतं आणि औषध रक्तात कमी पोचतं. दोन्ही जेवणासोबत घ्या, नाहीतर डोल्युटेग्राविर लोहाच्या २ तास आधी किंवा ६ तासांनी. कॅल्शियमलाही हाच नियम. लोहाच्या गोळीवर लगेच चहा-कॉफी नको. शौचाला काळं होणं लोहामुळे असतं, पण डांबरासारखं चिकट आणि दुर्गंधीयुक्त झालं तर तो रक्तस्राव असू शकतो. तेव्हा, किंवा बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि एक मला फार खटकतं. प्रत्येक तक्रार एचआयव्हीच्या खात्यावर टाकली जाते, मग पाळीत किती रक्त जातं, मूळव्याध आहे का, दुखण्यावरच्या गोळ्या रोज घेता का, हे कुणी विचारतच नाही. विचारलं नाही तरी तुम्ही सांगा.