देशोदेशीच्या आरक्षणाची तुलना: तक्ता कसा मांडायचा आणि आकडे कुठे फसवतात

तालुक्याच्या अभ्यासिकेत, वक्तृत्व स्पर्धेत किंवा एलएलबीच्या प्रकल्पात एक वाक्य हमखास सापडते: "भारतात ५०, ब्राझीलमध्ये ५०, नेपाळमध्ये ४५ टक्के, अमेरिकेत काहीच नाही." आकडे कुठून ना कुठून छापून आलेले असतात, पण ते एका मापाचे नसतात. तुलना करायची असेल तर टक्केवारीचा रकाना सगळ्यात शेवटी भरा.

आधी क्षेत्र ठरवा, मग देश. भारतापुरतेच पाहा. ग्रामपंचायतीच्या राखीव जागा कलम २४३ड नुसार सक्तीच्या आहेत. सरकारी नोकरीत कलम १६(४) राज्याला मुभा देते. आरक्षण द्याच, असा आदेश न्यायालय राज्याला देऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये उत्तराखंडच्या प्रकरणात सांगितले. खासगी कारखान्यातल्या नोकरीला तर हे कलम लागूच होत नाही. एकाच देशाची तीन उत्तरे! म्हणून निवडणूक, प्रवेश आणि नोकरी असे तीन वेगळे कागद घ्या. प्रत्येकावर रकाने हेच: कायदा व त्याची तारीख, लाभार्थी, पद्धत (राखीव जागा, उद्दिष्ट, की निवडीत झुकते माप), पुरावा कोण तपासतो, उत्पन्नाची अट, मुदत, मोडल्यास शिक्षा कोणाला, आणि टक्केवारी.

लाभार्थी म्हणजे अल्पसंख्याक, असे गृहीत धरू नका. मलेशियाच्या घटनेचे कलम १५३ मलय लोकांना आणि सबा-सारवाकच्या मूळ रहिवाशांना संरक्षण देते, आणि हे मिळून तिथे बहुसंख्य आहेत. दक्षिण आफ्रिकेतही तसेच.

निवडणुकीचा कागद सर्वांत सोपा, कारण सोडत कशी निघते हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. आपल्याकडे अनुसूचित जाती-जमातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात आणि आळीपाळीने फिरत्या. महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांना. पेसा (अनुसूचित म्हणजे आदिवासी क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) क्षेत्रातली गावे वेगळी लिहा: तिथे किमान निम्म्या जागा आणि सरपंचपद अनुसूचित जमातीलाच. नेपाळमध्ये प्रभाग समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. चारपैकी दोन महिला, आणि त्यातली एक दलित महिला. ही जागा फिरत नाही, प्रत्येक प्रभागात प्रत्येक वेळी असते. आपल्याकडच्या प्रभागात या खेपेला राखीव जागा आली तर पुढच्या खेपेला जाते. हा फरक टक्केवारीत कुठेच दिसत नाही, म्हणून 'पद्धत' या रकान्यात 'फिरती' किंवा 'कायम' असे स्पष्ट लिहा.

आता टक्केवारी. प्रत्येक आकड्यापुढे 'कशाच्या?' हा प्रश्न लिहा आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नका. नेपाळच्या निजामती (सरकारी प्रशासकीय) सेवेत २००७ च्या दुरुस्तीनुसार खुल्या स्पर्धेने भरायच्या पदांपैकी ४५ टक्के राखीव. मग त्या ४५ ला शंभर मानून वाटणी: महिला ३३, आदिवासी-जनजाती २७, मधेशी (दक्षिणेच्या तराईतला समाज) २२, दलित ९, अपंग ५, मागास क्षेत्र ४. नोट्समध्ये 'नेपाळ: दलित ९ टक्के' असे लिहिलेले असते. हिशेब करा: ४५ चे ९ टक्के म्हणजे १०० पदांत ४.०५. महाराष्ट्रातले अनुसूचित जातींचे १३ टक्के एकूण पदांचे आहेत. १३ आणि ९ शेजारी ठेवले की तुलना तिथेच फसली.

ब्राझीलचा कायदा क्रमांक १२.७११ हा २०१२ चा. संघीय विद्यापीठांत ५० टक्के जागा सरकारी शाळांत शिकलेल्यांना. त्यातल्या निम्म्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना. ही मर्यादा आधी दरडोई दीड किमान वेतन होती, २०२३ च्या दुरुस्तीने एक झाली. आणि दोन्ही निम्म्यांत कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय, आदिवासी आणि २०२३ पासून किलोम्बोला (पळून गेलेल्या गुलामांच्या वस्त्यांचे वंशज) समाजाला त्या राज्याच्या जनगणनेतल्या वाट्याइतक्या जागा. समजा एखाद्या राज्यात हा वाटा ६० टक्के आहे. १०० पैकी ५० सरकारी शाळांचे. कमी उत्पन्नाच्या २५ मध्ये १५, उरलेल्या २५ मध्ये १५. एकूण ३०. म्हणजे 'ब्राझीलमध्ये कृष्णवर्णीयांना ५० टक्के' हेही चूक आणि '६०' हेही.

घरच्या हिशेबातही घोळ होतो. महाराष्ट्रात अनुसूचित जाती १३, जमाती ७, विमुक्त जाती ३, भटक्या जमाती ब २.५, क ३.५, ड २, विशेष मागास प्रवर्ग २, इतर मागासवर्ग १९: बेरीज ५२. त्यावर आर्थिक दुर्बल घटक १० आणि २०२४ च्या कायद्याने मराठा समाजाला १०. महिलांचे ३० टक्के यात मिळवायचे नाहीत. ते समांतर आरक्षण आहे, प्रत्येक प्रवर्गाच्या आत मोजले जाते. शिवाय गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळसह आठ आदिवासीबहुल जिल्ह्यांत गट क आणि ड च्या जिल्हास्तरीय पदांसाठी वेगळे प्रमाण आहे. जिल्हा परिषदेच्या भरतीबद्दल लिहिताना राज्याचा तक्ता उचलून चिकटवला तर तो गडचिरोलीत चुकतोच. आणि '५० टक्के' ही १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातली मर्यादा आहे, प्रत्यक्ष प्रमाण नव्हे. तामिळनाडूत ६९ टक्के आहे.

पुराव्याच्या रकान्याला अर्धे पान ठेवा. लोक हा रकाना सोडून देतात आणि खरा फरक इथेच आहे. आपल्याकडे सगळे कागदावर चालते: दाखलखारीजची (शाळेच्या प्रवेश नोंदवहीची) नक्कल, कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, वडील-आजोबांची टीसी, आणि मानीव तारखेचा, म्हणजे त्या तारखेला कुटुंब राज्यात राहत होते याचा पुरावा. ती तारीख अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. मग पडताळणी समिती, जमातीच्या दाव्यात दक्षता पथक आणि आप्तभाव चाचणी, म्हणजे जमातीच्या चालीरीती-बोलीशी नाते जुळते का ते पाहणे. आप्तभाव चाचणी हाच एकमेव निकष नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले. विदर्भात याला आणखी एक पदर आहे: १९७६ च्या कायद्याने क्षेत्रबंधन उठेपर्यंत जमातीचे नाव यादीत असूनही ठरावीक तालुक्याबाहेरच्यांना लाभ मिळत नसे. जुना निकाल वाचताना तो १९७६ च्या आधीच्या यादीवर आहे की नंतरच्या, हे आधी पाहा.

ब्राझीलमध्ये उमेदवार स्वतः वर्ण घोषित करतो, आणि नंतर अनेक ठिकाणी समिती त्याला समोर बसवून चेहरामोहरा, त्वचेचा रंग पाहते. आजोबांचा कागद तिथे उपयोगाचा नाही. सरकारी नोकऱ्यांच्या कोट्यात अशी तपासणी चालते, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केले. दक्षिण आफ्रिकेत कर्मचारी आपला वंश नोंदवणारा ईईए १ हा फॉर्म स्वतः भरतो. आपली पद्धत किचकट, त्यांची सोपी, असा शेरा मारून मोकळे होऊ नका. जात चेहऱ्यावर दिसत नाही, म्हणून आपण वंशावळ मागतो. ब्राझीलमध्ये भेदभाव दिसण्यावरून होतो, म्हणून ते दिसणेच तपासतात.

उत्पन्नाच्या अटीत ८ लाख हा आकडा दोनदा येतो आणि दोन्ही वेळा वेगळ्या रीतीने मोजला जातो. इतर मागासवर्गाच्या क्रीमी लेयरसाठी (आरक्षणातून वगळलेला सधन थर) केंद्राच्या निकषात पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. आर्थिक दुर्बल घटकाला दोन्ही धरतात, वर पाच एकर किंवा अधिक शेतजमीन असली की केंद्राच्या निकषात तो बाद. त्यात ओलिताची आणि कोरडवाहू असा भेद नाही. यवतमाळच्या सहा एकर कोरडवाहू कापसाला हे लावून पाहा, म्हणजे नियम किती बोथट आहे ते कळेल.

मुदतीबाबत एक जुना गैरसमज आधी काढा. दहा वर्षांची मुदत कलम ३३४ मधली. ती लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागांची, नोकरी-शिक्षणाची नव्हे. ती वाढत वाढत सध्या जानेवारी २०३० पर्यंत आहे. उत्तर आयर्लंडच्या पोलीस भरतीत निम्मे कॅथलिक, निम्मे इतर हा नियम २००१ ला आला आणि २०११ ला संपला. ब्राझीलच्या २०१२ च्या कायद्यात दहा वर्षांनी फेरविचार होता, संपणे नव्हते.

शिक्षेचा रकाना एका उदाहरणाने भरा. हिंगणघाटच्या एखाद्या जिनिंगमध्ये ६० कायम कामगार आहेत. भारतात मालकाला आरक्षणाची काहीच सक्ती नाही. हीच जिनिंग दक्षिण आफ्रिकेत असती तर १९९८ च्या रोजगार समता कायद्याखाली ५० कामगारांच्या वर असल्याने समतेची योजना आणि दरवर्षी अहवाल देणे भाग होते. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने क्षेत्रनिहाय उद्दिष्टेही आली, आणि मोडल्यास दंड मालकाला, उलाढालीच्या प्रमाणात. तरीही तो कायदा कोटा नाही म्हणतो: ठरावीक गटाला पूर्ण बंदी होईल अशी भरती तिथे करता येत नाही. आपल्याकडे लोकांना आठवते ती शिक्षा खोटे जात प्रमाणपत्र काढणाऱ्याला.

जुन्या गाइडवर विसंबू नका. अमेरिकेचा १९६५ चा अध्यक्षीय आदेश ११२४६, जो केंद्र सरकारच्या कंत्राटदारांना बांधत होता, जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार २९ जून २०२३ च्या हार्वर्ड निकालाने बंद झाला. त्याआधीही तिथे राखीव जागा नव्हत्याच: १०० पैकी १६ जागा ठेवणारी डेव्हिसच्या वैद्यकीय महाविद्यालयाची योजना १९७८ मध्येच बाद ठरली होती. ब्राझीलच्या संघीय नोकऱ्यांतला २० टक्के कोटा २०२५ च्या कायद्याने ३० झाला. त्यामुळे प्रत्येक रकान्यात 'अमुक तारखेला पाहिले' अशी नोंद हवी. ब्राझीलचे कायदे प्लानाल्टोच्या (राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्या) सरकारी संकेतस्थळावर मिळतात, पण तिथे रद्द झालेला मजकूर खोडलेल्या रेघेने दाखवतात. तो मोबाइलवर कॉपी करून भाषांतरात टाकला की रेघ गळून पडते आणि जुने-नवे दोन्ही नियम जिवंत दिसू लागतात. पानाचा स्क्रीनशॉट शेजारी ठेवूनच वाचा. रेंज नसेल तिथल्यासाठी पीडीएफ आधीच उतरवून ठेवा.

शेवटी तक्ता एका कल्पित उमेदवारावर चालवून पाहा. आरमोरी तालुक्यातली गोंड मुलगी, शासकीय आश्रमशाळेत शिकलेली. भारतात: पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र असल्यास राखीव जागा, आणि जागेसाठी उत्पन्नाची अट सध्या नाही. तीच ब्राझीलची आदिवासी मुलगी असती तर सरकारी शाळेच्या कोट्यात. उत्पन्नावरून फक्त कोणत्या निम्म्यात ते ठरेल. अमेरिकेत वंश म्हणून गुण नाही, पण आयुष्यावर झालेला परिणाम निबंधात लिहिता येईल. शिवाय मान्यताप्राप्त जमातीचे सदस्यत्व तिथे १९७४ च्या मंकारी निकालानुसार वंशात न धरता राजकीय ओळखीत धरले जाते, त्यामुळे काही सवलती त्या दाराने येतात. मग तिचे वडील शिक्षक आहेत असे धरा आणि पुन्हा चालवा. ज्या रकान्यातून उत्तर निघत नाही, तो भरलेला दिसत असला तरी रिकामा समजा आणि मूळ कायदा पुन्हा उघडा.