मित्रांसोबत कॅनू घेऊन मुक्कामी जायचंय? विदर्भात सोपा तलाव असा निवडा

विदर्भात तलावांना तोटा नाही. भंडारा-गोंदिया तर तलावांचेच जिल्हे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे गावागणिक एखादा मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, सापडतो. वऱ्हाडात धरणांचे जलाशय आहेत. त्यामुळे तलाव निवडणं हा काही मोठा प्रश्न वाटत नाही. पण कॅनूत, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या लांबट, हलक्या बोटीत, तंबू आणि शिधा टाकून चार-सहा मित्रांनी काठावर रात्र काढायची म्हटली की यातले बहुतेक तलाव एकेक करून गळतात. कुठे वाघ असतो, कुठे वारा झोडपतो, कुठे परवानगी मिळत नाही आणि कुठे गुडघाभर चिखलातून बोट ओढत न्यावी लागते. हे सगळं आधीच बघून घेतलं तर पहिला मुक्काम सुखाचा होतो.

आधी माणसं मोजा

तलाव निवडायचा तो गटातल्या सगळ्यात कच्च्या माणसाच्या हिशेबाने. एक-दोघं पट्टीचे पोहणारे असले की बाकीचे निर्धास्त होतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. कुणाला पोहता येत नाही, कुणी याआधी वल्हं हातात धरलेलं नाही, कुणाचा खांदा दुखतो, हे विचारून घ्या. ग्रुपवर विचारू नका, तिथे सगळेच शूर असतात. एकेकाला फोन करा.

सहा जण आणि तीन कॅनू हा नवख्यांसाठी चांगला मेळ आहे. एका बोटीत दोघं आणि त्यांचं सामान. एकच बोट घेऊन जाऊ नका, ती उलटली तर मदतीला दुसरी बोट हवी. दोनच बोटी घेऊन पाचवा-सहावा माणूस मधे बसवण्याचा मोह होतो, पण सामान भरल्यावर बोटीचा काठ पाण्याच्या किमान वीतभर वर राहिला पाहिजे. तिघांत तो राहत नाही.

सामान भरलेल्या कॅनूत नवखा गट ताशी ३ ते ४ किलोमीटर जातो, तेही वारा पडलेला असताना. म्हणजे मुक्कामाची जागा दोन-अडीच किलोमीटरवर असेल तर तासभर धरा. त्याहून लांब जायची पहिल्या खेपेला गरज नाही. माझं तर म्हणणं असं की पहिल्यांदा सामान बोटीत घालूच नये. गाडी जाते अशा काठावर तंबू लावायचा आणि दिवसा रिकाम्या बोटी घेऊन फिरायचं. गंमत तितकीच येते, आणि कुणी दमलं किंवा आजारी पडलं तर गाडी शेजारीच उभी असते.

वाघाचे तलाव बाजूला काढा

विदर्भात पाच व्याघ्र प्रकल्प आहेत: पेंच, ताडोबा-अंधारी, मेळघाट, बोर आणि नवेगाव-नागझिरा. यांच्या आतल्या पाण्यावर स्वतःची बोट घालून काठावर तंबू ठोकता येत नाही. वन विभागाची बोटिंगची सोय असेल तर तेवढीच, दिवसापुरती. पेंचमधल्या तोतलाडोह जलाशयाचे फोटो पाहून भल्याभल्यांना मोह होतो, पण तिथे वाघ आहेत आणि पाण्यात मगरीही आहेत.

अभयारण्याची हद्द संपली म्हणजे वाघ संपला, असंही नाही. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या पट्ट्यात वाघ संरक्षित क्षेत्राबाहेर, शेतांच्या कडेला वावरतात, आणि माणसांवर हल्लेही होतात. घोडाझरी किंवा असोलामेंढा हे तिकडचे तलाव दिसायला कितीही देखणे असले तरी त्यांच्या रानातल्या काठावर उघड्यावर झोपायचं मी कुणालाही सुचवणार नाही. तिथे दिवसा जाऊन या आणि रात्री छताखाली झोपा.

लोणारचं नावही कुणीतरी काढतंच. ते खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे, अभयारण्य आहे, आणि २०२० पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. कॅनूसाठी ते नाही.

नकाशावर पाण्याचा आकार वाचा

हे काम घरबसल्या होतं. उपग्रहाचा नकाशा उघडा आणि अंतर मोजायचं साधन वापरून तलावाची लांबी-रुंदी काढा. नवख्यांसाठी लांबी एक-दोन किलोमीटर आणि रुंदी एक किलोमीटरच्या आत असलेला तलाव पुरे. वाकडातिकडा, खाचाखोचांचा असेल तर फारच उत्तम.

याचं कारण वारा. मोकळ्या पाण्यावरून वारा जितका लांब धावतो तितक्या लाटा मोठ्या होतात. म्हणून तोच वारा गावतळ्यावर नुसती सुरकुती उठवतो आणि मोठ्या धरणावर बोट आडवी करतो. वैनगंगेवरचं गोसीखुर्द घ्या. धरणाला ३३ दरवाजे, मागे अफाट पसरलेलं पाणी, आणि आंभोऱ्याचा तो देखावा. पण नवख्या गटासाठी ते पाणी फार मोठं आहे. मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाचंही तेच, उघडं रान आणि आडोसा कुठेच नाही. इटियाडोह धरणाला आडोसा आहे, पण तो जंगलाचा, म्हणजे पुन्हा वर सांगितलेली अडचण.

हिवाळ्यात सकाळी पाणी शांत असतं आणि ऊन चढेल तसा वारा उठतो. हवामानाच्या अंदाजात ताशी १५ किलोमीटरपर्यंत वारा असेल तर छोट्या तलावावर निभतं. २० च्या पुढे पाण्यावर पांढरे फेस दिसायला लागतात, तेव्हा बोटी काठावरच बऱ्या. आणखी एक पाळायची गोष्ट म्हणजे जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे परतताना दमलेल्या हातांना वाऱ्याची साथ मिळते. तलावाच्या मधून आडवं न जाता काठ धरून चला. काठापासून दोनशे मीटरच्या आत राहिलात तर उलटलेली बोट धरूनसुद्धा लाइफ जॅकेटवर काठाला लागता येतं. जॅकेट अंगात घातलेलं आणि पट्टे आवळलेलं हवं, बोटीत ठेवलेलं नव्हे.

नकाशावर दुसरी गोष्ट बघायची ती काठाची. आपले बहुतेक तलाव एका बाजूला पाळ घालून अडवलेले आहेत. पाळीजवळ पाणी सगळ्यात खोल आणि वरच्या टोकाकडे उथळ होत जातं. धानाला पाणी सोडलं की हे वरचं टोक झपाट्याने मागे सरकतं. ऑक्टोबरात जिथे बोट लागत होती तिथे फेब्रुवारीत शंभर-दोनशे मीटर चिखल असू शकतो. गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं बघता येतात, त्यामुळे आपण ज्या महिन्यात जाणार त्या महिन्याचं चित्र काढून पाहा.

मुक्कामाला पाळ नको आणि शेपटाकडचा चिखलही नको. मधल्या बाजूचा, हळू उताराचा मुरमाड काठ शोधा. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन अनेक ठिकाणी गाळपेरासाठी शेतकऱ्यांना दिलेली असते, तेव्हा मोकळी दिसली म्हणून तिच्यावर तंबू लावू नका. तिथे कुणाचा तरी हरभरा उगवत असतो.

तलाव कुणाचा, ते शोधा

लहान सिंचन तलाव साधारण जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाकडे, मोठे प्रकल्प जलसंपदा विभागाकडे, आणि काठावरचं रान वन विभागाकडे. म्हणजे पाणी एकाचं आणि जमीन दुसऱ्याची असं होऊ शकतं, दोन्हीकडे विचारावं लागतं. मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, त्यांना सांगितल्याशिवाय बोट घालणं बरं नाही. "जा ना भाऊ, कोण विचारतं" या भरवशावर सहा माणसं घेऊन जाऊ नका. परवानगी लेखी घ्या. गावात पोहोचल्यावर पोलीस पाटलांना भेटून किती जण आहोत आणि कुठे उतरणार ते सांगा. खाजगी शेताचा काठ मिळाला आणि मालकाने हो म्हटलं तर सगळ्यात सोपं.

एकदा जाऊन बघा आणि ढिवरांना विचारा

नकाशावर न दिसणाऱ्या गोष्टी काठावर दिसतात. म्हणून मुक्कामाच्या आधी दोघांनी मोटारसायकलवर जाऊन यावं. सकाळी लवकर जा, जाळी काढून डोंगे काठाला लागत असतात. ढिवर समाजाच्या मच्छीमारांइतकं त्या पाण्याचं ज्ञान कुठल्याही नकाशात नाही. त्यांना हे विचारा: दादा, खड्डे कुठे आहेत? जाळी कुठे लावता? वारा सुटला की कोणत्या काठाला लागायचं? रात्री जनावर येतं का?

खड्ड्यांचा प्रश्न विसरू नका. पाळ बांधताना किंवा मुरूम नेताना खोदलेले खड्डे पाण्याखाली असतात. कमरेएवढ्या पाण्यात चालता चालता माणूस एकदम डोक्यावर पाणी असलेल्या जागी जातो, आणि तलावात पोरं बुडतात ती पुष्कळदा अशीच. जाळी पाण्यावर तरंगणाऱ्या थर्माकोलच्या तुकड्यांनी किंवा रिकाम्या बाटल्यांनी ओळखू येतात, त्यांना वळसा घालून जा. शिंगाड्याची लागवड असेल तर त्यात बोट घालू नका, ते कुणाचं तरी पीक आहे. तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, आणि सांडवा यांच्यापासून लांब राहा.

हवा भरायची बोट असेल तर काठावर बाभळी किती आहेत ते नीट पाहा. एक काटा बोटीचा दिवस संपवतो. पंक्चरचं सामान आणि पंप बरोबर हवाच. बेशरमची झुडपं माजलेल्या काठावरही उतरायला त्रास होतो, आणि त्यात साप दडलेले असतात. गुरांची पाणी प्यायची जागा सापडली तर तिथून बोट उतरवणं सोयीचं, पण तिथे तंबू नको.

जवळचं ग्रामीण रुग्णालय किती लांब आहे आणि तिथे सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन असतं का, तेही याच फेरीत विचारून घ्या. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, म्हणून तंबूची चेन कायम लावलेली ठेवायची. काठावर मोबाइलला रेंज आहे का ते बघा. १०८ लावायची वेळ आली तर फोन लागला पाहिजे आणि रस्ता सांगता आला पाहिजे.

केव्हा जायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात नाही, परतीचा पाऊस आणि विजा संपेपर्यंतही नाही. ढग दिसले तर दामिनी ॲपवर विजांचा इशारा बघता येतो. मार्चनंतर पाणी उतरतं, ऊन माणसाला भाजून काढतं. डिसेंबर-जानेवारीत नागपूर-गोंदियाकडे रात्रीचं तापमान १० अंशांखाली जातं, पाण्याकाठी ते आणखी बोचतं, तेव्हा घोंगडी-ब्लँकेट न्या. सकाळी धुकं असेल तर समोरचा काठ दिसेपर्यंत बोट घालू नका. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणून चारला सगळ्या बोटी काठावर.

हाच पाहुण्या पक्ष्यांचाही मोसम. पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदक थव्यांनी उतरलेले असतात. गोंदियाच्या काही तलावांवर सारस दिसतात, त्यांच्या जवळ बोट नेऊन फोटो काढायचा नाही. थवा उठला म्हणजे आपण फार जवळ गेलो.

पिण्याचं पाणी घरून, माणशी दिवसाला ४ लिटर. तलावाचं पाणी उकळलं तरी शेतातून वाहून आलेली फवारणीची औषधं त्यातून जात नाहीत. रोडगे आणि वांग्याची भाजी करायचा बेत असेल तर गोवऱ्या गावातून विकत घ्या, रानातली लाकडं गोळा करू नका. आणि विस्तव पेटवायची परवानगी आहे ना, ते आधी विचारा.

मग नेमका कुठला?

अगदी नवखे असाल तर रामटेकजवळचं खिंडसी. नागपूरपासून साधारण ५० किलोमीटर, बोटिंगची जुनी सोय, काठाला राहायची व्यवस्था. तलाव मोठा आहे, म्हणून काठ धरूनच फिरायचं. तिथे कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम बोट उलटवून पुन्हा चढायचा सराव करा, नुसतं वाचून ते जमत नाही. नवेगावबांधही असाच विचारात घ्या. कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला तो तलाव, भोवती डोंगर. पण लगतचं जंगल राष्ट्रीय उद्यानाचं, त्यामुळे पाण्यावर जाणं परवानगीनेच आणि रात्र पर्यटक संकुलात.

खऱ्या तंबूच्या मुक्कामासाठी मात्र नावाजलेला तलाव शोधूच नका. नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळकडे भोवती शेती असलेले मध्यम आणि लघु प्रकल्प पुष्कळ आहेत. पाळीशी गाव, समोर कपाशी-तुरीची शेतं, जंगल लांब, आणि काठापर्यंत बैलगाडीचा रस्ता, असा तलाव निवडा. त्याचा फोटो कुणी टाकत नाही, पण नवख्या गटाला तोच झेपतो.

दोन तलाव ठरवून ठेवा, दोन्हींची परवानगी काढून ठेवा. आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज बघून पहिला बाद झाला तर दुसऱ्याला जा, आणि दोन्हीकडे वारा असेल तर पाण्यात न उतरता नुसता तंबू लावा. बोटी गाडीवरून उतरवायच्या की नाही हे एकानेच ठरवायचं, आणि तो माणूस घरून निघायच्या आधी ठरलेला असावा. काठावर उभं राहून सहा जणांचं मत घेत बसलात तर उतावळ्याचंच चालतं.